साचा ट्रे सोडत नाही? तेलाचा डबा हातात घेण्याआधी हे तपासा

"ताई, साचा सोडत नाही." सिन्नरजवळच्या आमच्या छोट्या युनिटमध्ये पहिले चार महिने हे वाक्य मी रोज ऐकलं. रद्दीच्या लगद्यापासून अंड्यांचे आणि डाळिंबाचे ट्रे करायचे, एवढंच काम. जाळी लावलेला फॉर्मिंग साचा लगद्याच्या टाकीत बुडतो, व्हॅक्युम (पंपाची ओढ) जाळीतून पाणी खेचतो आणि जाळीवर कागदाच्या धाग्यांचा ओला थर बसतो; तोच ट्रे. मग वरून येणारा दुसरा, ट्रान्सफर साचा तो उचलून घेतो. मशीन आलं, साचे आले, वीज आली, आणि ओला ट्रे काही साच्यावरून उतरेना. कधी कोपरा मागे राहायचा, कधी मधला कप फाटायचा, कधी अख्खा ट्रे जाळीला घट्ट धरून बसायचा. ऑपरेटर हाताने सोलून काढायचा आणि तो माल पुन्हा पल्परमध्ये, म्हणजे रद्दीचा लगदा करणाऱ्या यंत्रात, जायचा.

नाशिक परिसरात आता अंबड, सातपूर, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात हा धंदा सुरू करायचा विचार करणारे बरेच जण भेटतात. त्यांना मशीनची किंमत, अनुदान, बाजार याची माहिती मिळते. साच्यातून माल सुटण्याबद्दल मात्र कोणी धड बोलत नाही. पहिल्या वर्षाचा नफा तिथेच अडकतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मला उशिरा समजलेली गोष्ट आधी सांगते. ट्रे सुटणार की चिकटणार हे साचा लगद्याच्या टाकीतून वर येईपर्यंत बहुतेक ठरलेलं असतं. लगद्यात काय आहे, ट्रेमध्ये पाणी किती उरलं आहे, जाळी किती मोकळी आहे आणि ट्रे सोडवणारी हवा मागून कोणत्या क्षणी मिळते, यात तुमचं उत्तर असतं. साच्यावर काही चोपडणं हा शेवटचा उपाय, आणि ओल्या साच्यावर तर बहुतेक वेळा चुकीचा.

हाताशी ठेवायच्या वस्तू

- ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा (सोनारकामाचा छोटा काटा चालतो)
- एक लिटरचं मापाचं भांडं आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच
- व्हॅक्युम गेज आणि एअर लाईनवरचं प्रेशर गेज. दोन्ही चालू स्थितीत
- पीएच पट्ट्या
- टॉर्च, भिंग, नायलॉनचा मऊ ब्रश
- प्रेशर वॉशर
- चौकटी आखलेली वही

१. आधी हात बाजूला

ट्रे चिकटला की माणसाचा हात आपोआप साच्याकडे जातो. ट्रान्सफर साचा खाली येत असतानाही जातो. आमच्याकडे एकाच्या बोटांवर तो साचा थोडक्यात आला असता. तेव्हापासून नियम एकच: मशीन थांबवायचं, मेन स्विच पाडायचा, एअर लाईनमधली हवा सोडून द्यायची, मगच साच्याला हात लावायचा. फक्त स्टॉप बटण दाबून भागत नाही, कारण सिलिंडरमध्ये हवा भरलेली असली तर साचा सरकू शकतो. नवीन माणसाला ट्रे मोजायला शिकवण्याआधी हे शिकवा.

२. कुठे चिकटतो ते कागदावर मांडा

अंड्याच्या ट्रेला पाच गुणिले सहा, म्हणजे तीस कप असतात. वहीत तशाच तीस चौकटी आखा. साचा कुठल्या बाजूने बसवला आहे त्याची खूण करा. मग दोन तास, ट्रे जिथे फाटेल किंवा अडकेल त्या चौकटीत फक्त एक रेघ ओढायची.

दोन तासांनी त्या कागदावर चित्र दिसायला लागतं:

- रेघा एक-दोन चौकटींतच जमल्या, तर दोष साच्यात: तिथली जाळी, तिथली भोकं किंवा तिथला आकार.
- रेघा सगळीकडे विखुरल्या, तर लगदा, पाणी किंवा हवा यांपैकी काहीतरी बिघडलं आहे.
- सकाळी ठीक आणि दुपारनंतर त्रास, तर जाळी हळूहळू बुजते आहे.
- सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टला त्रास, तर टाकीत बुळबुळीत थर धरला आहे किंवा जाळीवर लगदा वाळला आहे.

हे न करता थेट साचा खोलायला बसू नका. आम्ही एक निर्दोष साचा तीनदा खोलला, आणि शेवटी दोष निघाला पाण्यात.

३. ट्रेमध्ये पाणी किती उरलं आहे?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

साच्यावरून नुकताच उतरलेला ओला ट्रे तोला. तोच ट्रे पूर्ण वाळवून पुन्हा तोला. समजा वाळलेला ट्रे ७० ग्रॅम भरला आणि ओला २८० ग्रॅम होता, तर त्यात २५ टक्के कोरडा धागा आहे आणि बाकी पाणी. ओला ट्रे ३५० ग्रॅम भरला, तर कोरडा भाग फक्त २० टक्के. कागदावर हा पाच टक्क्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण ३५० ग्रॅमवाला ट्रे स्वतःचं वजन पेलू शकत नाही. हवेचा झोत आला की तो सुटण्याऐवजी फाटतो. आमच्या मशीनवर २४-२५ टक्क्यांच्या खाली गेलो की तक्रारी सुरू होतात. तुमचा आकडा तुम्हाला तुमच्या मालावर शोधावा लागेल.

पाणी जास्त का राहतं? कारणं बरीच आहेत, पण आपल्या भागातली तीन नीट समजून घ्या.

पहिलं कारण थंडी. डिसेंबर-जानेवारीत निफाड-सिन्नर पट्ट्यात पारा किती उतरतो ते द्राक्षवाल्यांना विचारा. दहा अंशाचं पाणी तीस अंशाच्या पाण्यापेक्षा दीडपटीहून जास्त दाट, म्हणजे संथ वाहणारं असतं. तेवढ्याच व्हॅक्युमवर, तेवढ्याच सेकंदांत ते जाळीतून कमी निथळतं. ऑक्टोबरात बसवलेली टायमिंग जानेवारीत चालत नाही, ती यामुळे. थंडीत व्हॅक्युमची वेळ एक-दोन सेकंद वाढवा, किंवा ड्रायरच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर टाकीचं पाणी कोमट करा. फार गरम करू नका; त्याचं कारण पुढच्या पायरीत आहे.

दुसरं, उंची. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर आहे आणि सिन्नर त्याहून थोडं वर. हवेचा दाब समुद्रकाठी पाऱ्याचे ७६० मिलिमीटर असतो, आपल्याकडे ७०० ते ७१०च्या आसपास. व्हॅक्युम म्हणजे शेवटी बाहेरच्या हवेने आत दाबणं. बाहेरचा दाबच कमी, तर ओढही कमी. किनाऱ्यावरच्या कारखान्यात घेतलेल्या ट्रायलचे आकडे दाखवून कोणी पंप विकत असेल, तर इथे गेजवर किती मिळेल ते विचारा आणि लिहून घ्या.

तिसरं, उन्हाळा. पाण्याच्या रिंगवर चालणाऱ्या व्हॅक्युम पंपात सीलचं पाणी, म्हणजे ती रिंग धरणारं पाणी, तापलं की व्हॅक्युम कमी होतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या टाकीतलं पाणी तेच तेच फिरवलं, तर दुपारी काटा खाली येताना दिसेल. टाकी सावलीत घ्या, थोडं ताजं पाणी सोडत राहा.

४. लगदा तपासा

एक लिटर लगदा घ्या, बारीक जाळीवर गाळा, जे उरेल ते पूर्ण वाळवून तोला. दहा ग्रॅम भरलं तर लगदा एक टक्का. आम्ही एक टक्क्याच्या आसपासच ठेवतो. दाट झाला की धाग्यांच्या गुठळ्या होतात, ट्रे कुठे जाड तर कुठे पातळ येतो, आणि पातळ जागा साच्यातच राहते.

त्याच वेळी पाणी निथळायला किती सेकंद लागले तेही लिहा. ही आमची घरगुती चाचणी आहे, प्रयोगशाळेची नाही. पण रोज तीच जाळी आणि तेच भांडं वापरलं तर बदल लगेच कळतो. सेकंद वाढले, तर लगदा जास्त फिरवला गेला आहे किंवा रद्दीत बारीक भुकटी जास्त आहे. पल्परमध्ये जास्त वेळ फिरवलेला लगदा हाताला मऊ, छान लागतो, पण पाणी धरून ठेवतो आणि जाळीच्या भोकांत जाऊन बसतो.

कच्च्या मालाचा सापळा नाशिकमध्ये वेगळाच आहे. इथे फळांच्या खोक्यांचा पुठ्ठा भरपूर आणि स्वस्त मिळतो. त्यात चिकटपट्टी असते, गरम करून लावलेला गोंद असतो, मेणाचा किंवा प्लास्टिकचा थर असतो. हा गोंद पाण्यात विरघळत नाही. त्याचे बारीक कण होतात, ते जाळीच्या तारांवर बसतात आणि ट्रेचे धागे धरून ठेवतात. पाणी जितकं गरम, तितका हा गोंद मऊ आणि चिकट. म्हणून थंडीत पाणी कोमट करायचं, उकळायचं नाही. खोकी फोडताना पट्टी आणि चकचकीत थराचे तुकडे बाजूला काढायला एक माणूस बसवा. त्याची मजुरी जास्त वाटेल, पण जाळी धुण्यात जाणाऱ्या वेळेपुढे ती काहीच नाही.

ट्रेने पाणी शोषू नये म्हणून राळ आणि तुरटी घालत असाल, तर पीएच साडेचार ते साडेपाचच्या आसपास राहू द्या. बोअरचं पाणी जड असेल, तर त्यातलं कॅल्शियम राळेशी मिळून चिकट साका तयार होतो. तो दिसायला पिवळसर असतो आणि जाळीवरून बोटाने ओढला तर तार धरतो. आमचं बोअर असंच निघालं. पाणी बदललं आणि दोन आठवड्यांत निम्मा त्रास गेला.

५. जाळी: धुवा, पण कशाने ते बघून

साच्याची जाळी बहुधा स्टेनलेस स्टीलची असते आणि खालचं अंग अॅल्युमिनियमचं. हे नीट लक्षात ठेवा, कारण इथेच नवखे लोक साचा गमावतात.

गोंद आणि राळ काढायला कॉस्टिक सोड्याचं पाणी उत्तम, असं कोणीतरी सांगतं. जाळीपुरतं ते खरं आहे. पण कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातं, त्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि साच्याची भोकं मोठी होतात. जाळी सुटी काढता येत असेल तरच, तीही वेगळ्या स्टीलच्या टबात, हातमोजे आणि चष्मा घालून धुवा. दुसरी चूक म्हणजे पांढरा क्षार काढायला संडास साफ करायचं अॅसिड वापरणं. त्यात हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं. स्टेनलेसच्या बारीक तारांना त्याने खड्डे पडतात आणि खड्ड्यात धागा अडकतो. क्षारासाठी सायट्रिक अॅसिडचं सौम्य पाणी लावा, थोडा वेळ ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा.

रोजचं धुणं साधं आहे. शिफ्ट संपली की लगेच, लगदा वाळायच्या आत, साच्याच्या मागच्या बाजूने पाणी मारा. धागा समोरून आत गेलेला असतो, त्याला आला त्याच वाटेने बाहेर ढकलायचं. समोरून प्रेशर मारलं तर तो आणखी आत रुततो.

जाळी खरंच मोकळी आहे का, हे बघायची सोपी रीत: साचा उताणा ठेवा, कपांत थोडं पाणी भरा आणि मागून अगदी हलकी हवा सोडा. बुडबुडे सगळ्या कपांत सारखे यायला हवेत. जिथे येत नाहीत तिथे भोकं बुजली आहेत. ही चाचणी आणि तुमच्या वहीतल्या तीस चौकटी शेजारी ठेवून बघा. बऱ्याचदा तेच कप निघतात.

जाळी साच्याला घट्ट बसलेली आहे का तेही बघा. एखाद्या कोपऱ्यात ती सुटलेली असेल, तर हवा आली की तिथे फुगते, हवेचा जोर फुगण्यातच जातो आणि ट्रे जागचा हलत नाही. शिवाय मागे लगदा साचतो. बोटाने दाबून बघा: टकटक हलली तर सुटली आहे.

रविवारी किंवा दिवाळीच्या सुट्टीत टाकीत लगदा भरून ठेवू नका. फिरवून वापरलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात, बुळबुळीत थर धरतो, वास येतो. टाकी रिकामी करून भिंती घासून जा.

६. हवेचा क्रम

ओला ट्रे फॉर्मिंग साच्यावरून ट्रान्सफर साच्यावर जातो, ते देण्याघेण्याचं काम आहे. घेणाऱ्याने धरल्याशिवाय देणाऱ्याने सोडायचं नाही. क्रम असा:

१) ट्रान्सफर साचा पूर्ण बसतो.
२) त्याचा व्हॅक्युम सुरू होतो.
३) फॉर्मिंग साच्याचा व्हॅक्युम बंद होतो.
४) फॉर्मिंग साच्यात मागून हवेचा छोटा झोत येतो.
५) दोन्ही साचे वेगळे होतात.

तिसरी आणि चौथी पायरी एकाच क्षणी लावलेली असेल, तर पाइपात उरलेला व्हॅक्युम हवेला खाऊन टाकतो. गेजवर दाब दिसतो, साच्यात पोहोचत नाही. वाल्व साच्यापासून लांब असेल तर हे हमखास होतं. दोन्हींच्या मध्ये अर्धा सेकंद जागा द्या आणि फरक बघा. आमच्याकडे वाल्व मशीनच्या मागच्या खांबावरून साच्याजवळ आणला, खर्च पाइपाच्या चार फिटिंगचा, आणि कोपरे मागे राहणं थांबलं.

झोत जोरात असून उपयोग नाही. आम्ही दोन-तीन बारवर, एक सेकंदापेक्षा कमी देतो. जास्त दिला की हवा सगळ्यात पातळ जागेतून भोक पाडून निघून जाते, आणि बाकीचा ट्रे तसाच चिकटलेला राहतो. एअर लाईनवर पाणी आणि तेल गाळणारा फिल्टर हवाच. कॉम्प्रेसरचं तेल जाळीवर बसलं की त्याला धूळ आणि भुकटी चिकटते.

दोन साच्यांमधली फट ओल्या ट्रेच्या जाडीएवढी लागते. फट जास्त असेल तर ट्रान्सफर साचा ट्रेला धरूच शकत नाही. कमी असेल तर तो लगद्याला जाळीत दाबतो. मातीच्या मऊ गोळ्या चार कोपऱ्यांत ठेवून साचे एकदा मिटवा आणि त्या गोळ्यांची जाडी मोजा. चारही सारख्या नसतील, तर साचा तिरका बसला आहे.

७. साच्याचा उतार

इतकं करूनही तेच दोन कप अडकत असतील, तर आकार बघा. कपाच्या भिंती वर रुंद होत जायला हव्यात. अंड्याच्या ट्रेसारख्या खोल आकाराला पाच अंश किंवा त्याहून जास्त उतार असला तर सुखाने सुटतं. तळाचे कोपरे गोल हवेत. कुठेही उलटा खाच असेल, मग तो नावाच्या ठशाचा का असेना, तिथे धागा अडकणारच. भिंगाने जाळीचे सांधेही बघा: वर आलेली एक तारसुद्धा ट्रे फाडते.

८. तेल, सिलिकॉन आणि बाकीचं चोपडणं

सुरुवातीला एका माणसाने आम्हाला जुनं इंजिन ऑइल ब्रशने लावायला सांगितलं. दोन दिवस ट्रे छान सुटले. तिसऱ्या दिवशी ड्रायरमधून धूर आला, ट्रेला वास आला, आणि सटाण्याच्या डाळिंबवाल्याने गाडी परत पाठवली. फळ वास ओढून घेतं; त्याचं म्हणणं बरोबर होतं. वर ते तेल टाकीच्या पाण्यात गेलं, ते वेगळं. सगळं पाणी बदलावं लागलं.

इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल यांचा विचारही करू नका. गरम ड्रायरजवळ तो आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. सिलिकॉनचा फवारा ओल्या साच्यावर टिकत नाही, पुढच्या बुडीत धुऊन जातो, पाण्याला फेस आणतो आणि ट्रेवर छपाई करायची असेल तर शाई धरत नाही.

९. गरम दाबाच्या साच्यात गोष्ट वेगळी

उसाच्या चिपाडाच्या लगद्यापासून ताटं-वाट्या करणार असाल, तर माल दीडशे ते दोनशे अंशांच्या साच्यांत दाबून वाळवतात. तिथे चिकटण्याची मुख्य कारणं दोन. एक, माल पूर्ण वाळायच्या आत साचा उघडला, तर आतली वाफ थर फोडते आणि अर्धा थर साच्यावर राहतो. वाफ जायची बारीक भोकं रोज तपासा. दुसरं, धागा वाळताना आकसतो आणि आतल्या साच्याला मिठी मारतो. त्यामुळे आतल्या साच्याला उतार थोडा जास्त द्यावा लागतो आणि पृष्ठभाग आरशासारखा पॉलिश किंवा हार्ड क्रोमचा (क्रोमच्या कडक मुलाम्याचा) ठेवावा लागतो. जळका थर पितळी ब्रशने काढा. लोखंडी ब्रशने पडलेले ओरखडे पुढे कायम त्रास देतात.

सोडवणूक द्रव (माल सुटावा म्हणून साच्याला लावायचा द्रव) वापरायचाच असेल तर तो इथे, फूड ग्रेडचा, पुरवठादाराकडून लेखी दाखला घेऊन, आणि पुसून उरेल इतका पातळ. जेवणाच्या ताटाला रद्दीचा लगदा वापरू नका. छापील वर्तमानपत्रात अन्न बांधायला २०१८च्या अन्न सुरक्षा पॅकेजिंग नियमांनी बंदी आहे, आणि शाई-गोंदाचा लगदा ताटात यावा असं कोणालाच वाटणार नाही.

१०. नवीन साचा बनवून घेताना

अंबड-सातपूरला चांगले टूलरूम (साचे-डाय बनवणारे कारखाने) आहेत, पण बहुतेकांचा हात प्लास्टिक आणि पत्र्याच्या डायवर बसलेला आहे. ओल्या लगद्याची सवय नसते, म्हणून तोंडी ठरवू नका. ऑर्डरसोबत हे कागद मागा:

- प्रत्येक भिंतीचा उतार लिहिलेलं ड्रॉइंग
- जाळीचा नंबर, तारेची जाडी आणि धातू
- साच्याच्या अंगाचा धातू, म्हणजे धुण्याचं रसायन ठरवता येईल
- दोन साच्यांमधली फट, चारही कोपऱ्यांत मोजलेली
- व्हॅक्युम आणि हवेचा टायमिंग तक्ता
- वाळल्यावर माल किती आकसेल असं धरलं आहे, तो आकडा

युनिटचे कागद वेगळे: उद्यम नोंदणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची संमती, पाण्याचं कनेक्शन, अग्निशमनचा ना हरकत दाखला. संमतीच्या अर्जात पाणी किती लागतं आणि किती फिरवून वापरता ते विचारतात, तेव्हा वरच्या पायऱ्यांची वही कामाला येते.

शेवटचा हप्ता ट्रायलनंतरच द्या. ट्रायल तुमच्या मशीनवर, तुमच्या रद्दीच्या लगद्यावर आणि तुमच्या बोअरच्या पाण्यावर व्हायला हवी, सलग एक पूर्ण शिफ्ट. पहिले वीस ट्रे कुठल्याही साच्यातून सुटतात. सातव्या तासाचा ट्रे सुटतो का ते बघा, आणि त्या दिवशीही तीस चौकटींचा कागद शेजारी ठेवा.